उन्हात ठेवलेलं ड्रम मशीन

बाबा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, पण आज मला तुमचा कान हवा आहे. साकोलीच्या घराची मागची खोली मी स्टुडिओ केली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, शेजारी म्हणतात याचं डोकं फिरलं, म्हणू देत. टेबलावर दोन जुनी ॲनालॉग ड्रम मशिनं आहेत. यांच्यात कोणाची ढोलकी रेकॉर्ड करून भरलेली नाही. आतली वीजच ठोका घडवते. सकाळपासून दोन्हींवर एकच दादरा लावून ऐकतो आहे. डावीकडच्याचा धूम पोटात उतरतो, पण टाळी पत्र्यासारखी वाजते. उजवीकडचं नेटकं, पण कोरडं. लेकीला फोनवर ऐकवलं तर म्हणाली, "पप्पा, मले तं दोनी सारखेच वाटून राहिले." फोन ठेवला आणि मला रडू आलं. या घरात आता फरक ऐकणारा मी एकटाच.

आणखी एक गोष्ट कळली. ही मशिनं थंड असताना एका सुरात बोलतात, तासाभरानं तापली की दुसऱ्या. मग ढोलकीत आणि यांच्यात फरक तो काय राहिला? हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

ते वर्ष आठवा, बाबा. दिवाळीआधीचे दिवस आहेत, आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाची तालीम सुरू आहे. तुम्ही कंपनीचे ढोलकीवाले, आणि मी नागपुरातून माझं पहिलं ड्रम मशीन मिरवत आणलेलं. सकाळी त्याचा आवाज बसलेला. मी चहाला जातो. तेवढ्यात तुम्ही ते उचलून अंगणात उन्हात ठेवता, कातडं ताणलं जावं म्हणून ढोलकी ठेवता तसंच. मी येतो तर मशीन मुकं.

"आवाज बसला होता ना गा," तुम्ही म्हणता, "म्हून जरासं तापाले ठेवलो."

"तुमाले काय समजते याच्यातलं? कायले हात लावता?" अख्ख्या कंपनीसमोर मी असा ओरडलो.

तुम्ही सगळ्यांपुढे हात जोडलेत. "चुकलं माह्यं," म्हणालात. त्यानंतर तुम्ही तालमीला आला नाहीत. नाटक लागलं की तिकीट काढून मागं बसायचात, आणि मी पुढं, तुमच्या जागेवर, दुसरं मशीन घेऊन. तुम्ही मशीन वाळत घातलं, हा किस्सा लोक अजून हसत सांगतात. मीही हसत आलो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी मशीनला भलताच अडॅप्टर लावला होता. जळका वास आला, मी घाईनं काढला आणि कोणाला बोललो नाही. तुम्ही हात लावायच्या आधीच ते आतून जळलं होतं, बाबा. ओरडताना मला ते ठाऊक होतं.