साखरा, तुझी गाडी लागली असंल

सर, तुमच्या कॉलेजच्या गेटासमोर व्हॅन लावून बसले आहे. पोरी आत गेल्यात, सुटायला वेळ आहे. रोज या वेळात मी मोबाइल चाळत बसते, नाहीतर सीटवर मान टाकून एक डुलकी काढते. आज तुम्हाला लिहावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या जागेवर आलेले सरसुद्धा निवृत्त होऊन गेले. पण परवा रविवारी आमची बॅच कुरुंद्याला जमली होती, आणि तिथं जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी साखरा. नाव सांगून उपयोग नाही, ते तुम्ही कधी घेतलंच नाहीत. हजेरी तुम्ही गावाच्या नावानं घ्यायचात. कुरुंदा, शिरड, कळमनुरी, साखरा. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी मला या गोष्टीचा भारी राग होता. शेवटी एकदा मी उभी राहून म्हणालेच, "सर, मला नाव आहे." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "हाय ना गं बाई, चांगलंच असंल. पर नावावरून मला काय कळतं? गाव कळलं म्हंजे तुला कोणती गाडी हाय, अन् ती चुकली तर घरी काय होतं, ते कळतं." मी खाली बसले. कारण ती गाडी चुकली तर घरी काय होणार होतं हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या बापानं मला एकाच अटीवर हिंगोलीला पाठवलं होतं: दिवे लागायच्या आत उंबऱ्यात. एक दिवस उशीर झाला की कॉलेज बंद.

तेव्हापासून दुपारच्या प्रॅक्टिकलला तुमचा एक डोळा खिडकीकडे असायचा. माझ्या हातात ब्युरेट, रंग आत्ता बदलेल की मग बदलेल, आणि तुमची हाक यायची, "साखरा, तुझी गाडी लागली असंल. निघ." मी म्हणायची, "सर, रीडिंग राहिलंय." "रीडिंग कुरुंदा घेतो. तू पळ." मी चपला हातात घेऊन स्टँडपर्यंत पळालेली आहे, सर. तीन वर्षांत माझी गाडी चुकली नाही. बाप एकदा जेवता जेवता आईला म्हणाला, "हिच्या मास्तराला टायमाची किंमत हाय." त्याच्या तोंडून कुणाची याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही. माझी डिग्री, पुढचं एम.एस्सी., सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं. रसायनशास्त्र म्हणाल, तर खरं सांगते, रागावू नका, तुम्ही ते काही फार बरं शिकवत नव्हता. फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचात. आम्ही सगळे गाईडवर पास झालो.

मग ती औंढ्याची सहल. कॉलेजनं ठरवलेली लाल गाडी, आम्ही सगळे आत, आणि तुम्ही दारात उभे राहून दोरी दोनदा ओढलीत, टण टण. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं आणि म्हातारा असा काही हसला! "अजून हात विसरला न्हाई का, मास्तर?" मग त्यानंच सांगितलं की तुम्ही आधी त्याच्या गाडीवर कंडक्टर होतात, रात्रीच्या मुक्कामाला गाडीत पुस्तक घेऊन बसायचात. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला, की हजेरीला गावं का, आणि हजेरी संपली की तुम्ही डस्टर टेबलावर दोनदा का आपटता. पोरं गालात हसत होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात पाऊल टाकताच मागच्या बाकावरून कुणीतरी दोनदा ठोकलं. मला वाटलं, आता तुम्ही चिडणार. तुम्ही म्हणालात, "दोन वाजवल्या म्हंजे गाडी सुटली. बसा आता खाली." शिरडनं धीर करून विचारलं, "सर, कंडक्टरकी काहून सोडली?" तुम्ही तोंड अगदी गंभीर करून म्हणालात, "उभं राहून राहून पाय दुखायले होते. म्हनलं मास्तर व्हावं. हितं येऊन पाहतो, तर हितं बी उभंच." त्या दिवशी आम्ही जे हसलो, ते तुमच्यावर नव्हे, तुमच्याबरोबर हसलो.

आता परवाचं. कुरुंद्यानं सगळ्यांना त्याच्या शेतात बोलावलं होतं, हळद शिजवायचे दिवस आहेत ना. मास्तर व्हायचं म्हणून तो भरतीची वाट बघत बसला होता, वाट बघता बघता केस पिकले, आता स्वतःच्या हळदीची पूड करून विकतो. हात कोपरापर्यंत पिवळे. ज्या कुकरमध्ये हळद शिजत होती तो शिरडनं बनवलेला. शिरड औषधांच्या कंपनीत चांगल्या जागेवर होता. "अब्बाची नजर गेली, दुकानाला कोनी न्हवतं, आलो परत," म्हणाला. आता वेल्डिंग करतो. कळमनुरी साडी सावरत बांधावर खुर्चीत बसली होती, ती मोठी साहेबीण झाली आहे, गाडी तिला सोडायला आली होती. आणि मी? मी माझी व्हॅन गावाच्या स्टँडवरच लावून शेतापर्यंत चालत आले होते.

कारण आमच्या मोबाइलच्या ग्रुपवर माझ्या नावामागे अजून 'प्रा.' आहे. तासिकेवर शिकवत मी किती वर्षं काढली! दर जूनला नवी मुलाखत, दर मार्चला रामराम. मग एका जूनला म्हणाले, मॅडम, यंदा तास नाहीत. घरी नवऱ्याची व्हॅन होती, तिचा ड्रायव्हर सोडून गेलेला. मी चालवायला लागले. सेनगावकडच्या गावांतून पोरींना घ्यायचं, कॉलेजला सोडायचं, परत न्यायचं. दीर म्हणाला, "एम.एस्सी. करून ड्रायव्हरकी?" बोललं की लागतंच, सर. मला इतकं लागलं की मी साखऱ्याला व्हॅन नेतच नव्हते. अलीकडच्या फाट्यावरूनच वळवायची. माहेरच्या पारावरून कुणी मला स्टेअरिंगवर बघू नये म्हणून.

जेवणं झाली आणि कुरुंद्यानं तुमची नक्कल सुरू केली. चष्मा कपाळावर, हातात लाकडी उलथणं. "शिरड? काय करून राहिला?" "कळमनुरी?" एकेक जण उठून आपलं सांगत होता. 'कॉलेजवरच आहे' एवढं म्हटलं असतं तरी कुणी तपासायला येणार नव्हतं. "साखरा?" मी उभी राहिले. त्यानं अगदी तुमच्यासारखी मान तिरकी केली होती, आणि त्या हाकेला खोटं उत्तर माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, "हजर. कॉलेज सुटलं माझं. व्हॅन चालवते. तीच घेऊन आले, स्टँडवर लपवलीय." मग कळमनुरी म्हणाली, "काहून गं? एवढं शिकून?"

आणि सर, कुठून आलं देव जाणे, मी म्हणाले, "उभं राहून राहून पाय दुखायले होते. हितं बसून काम हाय."

आधी शिरड फुटला. मग सगळेच. कुरुंद्याला उलथणं धरवेना, त्यानं ते कुकरवर दोनदा हाणलं, टण टण. मी हसले, आणि हसता हसता रडले, ते कुणापासून लपवलं नाही.

निघताना कळमनुरीनं माझा दंड धरला. मला वाटलं, समजूत घालते आता. तर म्हणाली, "माझ्या नणंदेची पोरगी तुझ्या साखऱ्यातच हाय. अकरावीला हाय. बस येळेवर येत न्हाई म्हनून दिवाळीपासून बापानं घरी बसवली. बाईमानूस गाडीवर हाय म्हनलं तर तो ऐकंल. नेशील का गं?"

आज सकाळी नेली. साखऱ्याच्या पारासमोर व्हॅन उभी केली, चांगला हॉर्न दिला. लोक बघत होते. बघू देत. तिचा बाप दारापर्यंत आला, मला वरून खालून न्याहाळलं आणि एकच विचारलं, "परत कवा येईल?" मी म्हणाले, "दिवे लागायच्या आत." तुमचे उपकार म्हणायला मला संकोच वाटतो, पण दुसरा शब्द सापडत नाही. पोरीला माझ्या शेजारी पुढं बसवलं आणि दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

हे पत्र कुठं टाकणार? व्हॅनच्या कागदांत घालून ठेवते. बेल झाली, पोरी यायला लागल्यात. जाता जाता एक कबूल करते, सर. यातल्या निम्म्या पोरींची नावं मला अजून येत नाहीत. गावं मात्र सगळी पाठ आहेत.