गौतमी खेळायला निघाली

जळकोट,
ता. २७ मे १९८४

ती. अक्कास, वनमालाचा सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. भावजींचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. इथं ऊन लई आहे. हे पहाटेच दूध संघाच्या डेअरीवर जातात, कॅन गाडीत चढवून परत येतात. म्हैस व्याली, रेडी झाली. बाकी ठीक.

गौतमीला खो-खोसाठी उस्मानाबादला तुझ्याकडं ठेवायचं का, हे तू विचारलंस. उत्तराला मी उशीर केला. तिचं वय लहान, अंगात ताकद नाही, तिकडची शाळा झेपंल का, अशी कारणं मी सगळ्यांना सांगत होते. महांतप्पा सर घरी आले, त्यांनाही तीच सांगितली. ते तिकडं मुलींचा संघ तयार करतात. म्हणाले, पोरगी उपजत पळते, पण सराव सकाळ-संध्याकाळ लागतो, त्यासाठी तिथंच राहायला हवं. तुमची बहीण आहे ना तिथं. यांनी मान डोलावली. मी चहा ठेवायला आत गेले.

अक्का, तू तिला खेळताना पाहिलं नाहीस. दिवस मावळायला लागला की गल्लीतल्या पोरी माळावर जमतात. फुफाटा उठतो, त्यात उन्हाचा शेवटचा रंग मिसळतो, आणि त्या तांबूस धुरळ्यात पोरी नुसत्या सावल्यांसारख्या दिसतात. खो कुणी दिला, बाद कोण झालं, कुणाच्या ध्यानात राहत नाही. गौतमी त्यातून अशी निसटते की तिचे पाय भुईला लागतात का नाही, कळत नाही. मी जळण गोळा करायच्या निमित्तानं बांधावर बसून राहते. अंधारून आलं तरी हाक मारवत नाही. असलं खेळणं शिट्टीत आणि घड्याळात बांधायचं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं.

मग तुळजापूरला सामने झाले. सरांनी तिला उतरवलं. शिट्टी वाजली आणि ती खांबापाशी गोंधळून उभीच राहिली. लगेच बाद झाली. मला वाटलं, सुटले, आता हीच नको म्हणंल. पण ती रडली नाही. रेषेबाहेर बसून दुसऱ्या पोरी कशा वळतात ते बघत राहिली. स्वप्नात असल्यागत तिचे ओठ हलत होते. दुसऱ्या डावात खांबाला हात लावून ती अशी गर्रकन वळली की मागची पोर सरळ पुढं निघून गेली. डाव संपेपर्यंत कुणाच्या हाती लागली नाही. तेव्हा मी तिचं तोंड बघितलं आणि मला समजलं, माळावर ती हेच शोधत होती.

येताना एसटीतून फाट्यावर उतरलो. चालता चालता तिनं विचारलं, "तिकडं गेल्यावर मावशीला मावशीच म्हणायचं का?"

माझे पाय जागीच थांबले.

"तुला कुणी सांगितलं?"

"शेजारच्या शांताक्कानं. लई दिवस झाले."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू रडली असतीस."

बहात्तरच्या दुष्काळात तू तलावाच्या कामावर होतीस, अंगावरचं दूध आटलं होतं. तूच तिला माझ्या ओटीत घातलंस, "हिला जगव" म्हणालीस. पुढं पाऊस झाला, ओढे वाहिले. तू न्यायला आली नाहीस, मीही विषय काढला नाही. मला मूल नाही, हे तुझ्या मनात असणार. आपल्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

ताकद, शाळा, ही सगळी वरवरची कारणं, अक्का. तुझं नाक, तुझी चाल तिच्यात आहे. तुझ्या घरी गेली की ती परत माझ्याकडं यायची नाही, एवढंच भय होतं.

दुसऱ्या दिवशी तिची वेणी घालताना विचारलं, जायचं का? "जायचंय," म्हणाली, "पण तू म्हणशील तरच." तिचं तोंड पलीकडं होतं, म्हणून मला हो म्हणता आलं. यांनी सरांना निरोप धाडला.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी तिला घेऊन येते. तिला भाकरी कडक लागते. झोपेत ती पाय हलवते. उठवू नको, पळू दे. आणि तिनं तुला आई म्हणून हाक मारली, तर ओ दे. माझ्याकडं बघून थांबू नको.

तुझी धाकटी,
वनमाला