फुटलेली सुपारी आणि निसटलेला जबडा

पालम, रविवार

ती. स्व. दाजींना शिवाप्पाचा शरणार्थ.

शिवम्माअक्काचे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळे खुशाल, मी सोडून. माझा जबडा डोक्यापासून सुटला होता. तो जागेवर बसला, पण बाकीचं कसं बसवावं ते कळेना झालंय.

गुरुवारी गंगाखेडहून महालिंगअप्पा आपल्या मुलासाठी आमच्या त्रिवेणीला बघायला आले. म्हणणं एकच, लग्न याच उन्हाळ्यात आणि पोरीनं शिक्षण सोडायचं. तिच्या दाताच्या डॉक्टरकीचं एकच वर्ष राहिलंय. मी नाही म्हणणार होतो (तिला तसा शब्दच दिला होता). पण डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बाजार केलेला माणूस मी. समोरच्याला नाही म्हणायची सवयच नाही. जरा वेळ मिळावा म्हणून ताटातली अख्खी सुपारी उचलून दाढेखाली घातली, ती कडकन फुटली. आता सोयरिकीच्या बैठकीत सुपारी फुटली म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पाहुण्यांनी सोयरीक पक्की समजून हात जोडले. मी 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं, ते इतकं, की मिटेचना. कानाजवळ खट् झालं. (टिचकीवर पातेल्याचा पत्रा ओळखणारा कान माझा, काहीतरी निसटलं ते लगेच कळलं.) त्याच कानाला आतल्या खोलीतली विहीणबाईंची कुजबुजही ऐकू आली, "व्याही लय हरकलेत, तोंड मिटंना झालंय बघा."

तेवढ्यात त्रिवेणी बाहेर आली. अंगठ्यांना रुमाल गुंडाळून तिनं माझ्या खालच्या दाढा दाबल्या, जबडा मागं ढकलला. बसला. मग पाहुण्यांसमोरच म्हणाली, "अप्पा, जबडा हितं कानापुढं कवटीला टांगलेला असतोय. त्या खोबणीवर कागदावानी पातळ हाड, त्याच्यावर लगीच मेंदू. जबडा हलवायची नस बी मेंदूतूनच येती. आता समदं जाग्यावर हाय. बोला."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायले. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जेवून जा."

ते जेवून गेले, साखरपुड्याची तारीख धरून गेले. तेव्हापासून त्रिवेणी माझ्याशी बोलत नाही. दाजी, पन्नास वर्षं मी मेंदूच्या बुडाशी सुपाऱ्या फोडायलोय. मध्ये एवढंसं हाड, आणि 'नाही' हा एक शब्द तेवढं अंतर उतरू नये? भाकरीचा घास घेतला तरी तेच मनात येतं. दुकानात मन लागत नाही.

आपला,
शिवाप्पा

ता. क. तुम्ही गंगाखेडला जाऊन महालिंगअप्पांना सांगा, की शिवाप्पाचा होकार नव्हता, पोरगी आधी डॉक्टर होईल. फोन मुद्दाम केला नाही. तुम्ही 'तूच बोल' म्हणाला असता.

दुसरं ता. क. पाकिटावर पत्ता घालायला पत्र त्रिवेणीकडे दिलं होतं. तिनं ते वाचलं आणि पत्ता महालिंगअप्पांचा घातला. मी बघितलं, पण खोडला नाही. तेव्हा महालिंगअप्पा, वर लिहिलंय ते खरं आहे.