रुळांवरच्या सायकलीत राहिलेली अंगठी

प्रिय हिलेवी मावशी,

फोल्केचा मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस ना, की नुसती खुर्चीत बसून रेडिओला शिव्या घालतेस? मी मजेत आहे. म्हणजे झोप नाही, जेवण गोड लागत नाही, आणि हे पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने लिहितोय, कारण बसलं की पाय आपोआप पायडल मारायला लागतात. बाकी सगळं मजेत.

आता तुझा पहिला प्रश्न असणार, विचारलंस का तिला? थांब, क्रमाने सांगू दे. सिगब्रिटला लुलेओच्या वाचनालयात नोकरी मिळालीय आणि येत्या शुक्रवारपर्यंत तिला हो-नाही कळवायचंय. एकदा ती तिकडे उत्तरेला हजार किलोमीटरवर गेली की माझं आटोपलंच. मला ती हवी आहे, मावशी, हे निदान तुला तरी लिहून टाकतो. म्हणून तू स्वतःच्या बोटातून काढून पाठवलेली अंगठी घेतली आणि शनिवारी तिला आपल्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर सायकल मारायला नेलं. (तू ज्या गाडीने शाळेला जायचीस तोच मार्ग. आता तिथे चार चाकांची सायकल मिळते, दोघांनी शेजारी शेजारी बसून मारायची.) माझा हिशोब असा की तिथे वळता येत नाही, पळता येत नाही, समोर नुसती झाडं. माणूस बोलणारच!

मी बोललो की. पहिले चार किलोमीटर रुळांखालच्या मोऱ्यांवर बोललो. पुढचे तीन, रुळांखालच्या आडव्या स्लीपरला कोणतं लाकूड लागतं त्यावर. सिगब्रिट म्हणाली, "फोल्के, जरा हळू मार ना, मला ब्लूबेरी दिसताहेत." आम्ही थांबलो, तिने ओंजळभर ब्लूबेरी खाल्ल्या, ओठ निळे झाले, आणि मी त्या निळ्या ओठांकडे बघून म्हणालो की इथली माती आम्लधर्मी आहे. सारखा खिसा चाचपत होतो, तेही तिच्या लक्षात यायला लागलं, म्हणून ती ब्लूबेरी तोडत असताना अंगठीची डबी सीटखालच्या पान्यांच्या पेटीत टाकली. (आत्ता उठून खिडकी लावून आलो. नंतर परत उघडली.)

पुढे वळणावर समोरून दुसरी सायकल आली. एकच मार्ग, तेव्हा कोणीतरी आपली उचलून बाजूला घ्यायला हवी. एव्हर्ट आणि डागनी, सत्तरीचं जोडपं, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून फिरायला आलेलं. "आम्ही उचलतो," मी म्हणालो. "छे छे, आम्ही!" एव्हर्ट म्हणाले. पाच मिनिटं तेच. शेवटी इथे सगळे करतात तेच केलं: सायकली बदलल्या. आमची त्यांनी घ्यायची, त्यांची आम्ही, दोन्ही जागच्या जागी फिरवायच्या, पिशव्या इकडच्या तिकडे, की निघाले दोघे आपापल्या वाटेला. पिशव्या मी स्वतः मोजून हलवल्या. पेटी मात्र सायकलीचीच असते, तिला कोण हलवतो?

दोन किलोमीटर गेल्यावर आठवलं, डबी त्या पेटीतच राहिली. सिगब्रिटला म्हटलं, टोपी राहिली. टोपी माझ्या डोक्यावर होती. तिने टोपीकडे एकदा बघितलं आणि सायकल फिरवायला हात दिला. मी असा सुटलो मावशी, की तिने शेवटी पाय वर घेतले आणि दांडा घट्ट धरला.

त्यांची साखळी निसटली होती, म्हणून ते सापडले. एव्हर्टनी पान्यासाठी पेटी उघडलेली आणि डबी आधी दिसली ती डागनीबाईंना. आम्ही पोचलो तर त्या अंगठी घातलेला हात पुढे करून उभ्या! "बघा हो, चाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी लक्षात ठेवलं यांनी! आणि लपवून ठेवली होती, चावट कुठले!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. मागे एव्हर्ट पांढरेफटक, माझ्याकडे बघून हात जोडलेले. सांग, अशा वेळी भल्या माणसाने काय म्हणायचं? मी म्हणालो, अभिनंदन. मग त्यांची कॉफी प्यालो, वेलदोड्याचा बन खाल्ला, साखळी बसवून दिली आणि परत निघालो. रडू येत होतं, पण पायडल मारताना ते जमत नाही.

तुझा (तू अजून म्हणू देत असलीस तर),
फोल्के

ता. क. अंगठीबद्दल माफ कर. डागनीबाईंना ती अगदी बरोबर बसली.

ता. क. २. खरं म्हणजे हे पत्र एवढ्यासाठीच: गुरुवारी संध्याकाळी सहाला इथे फोन कर. मी सिगब्रिटला जेवायला बोलावतो. फोन तिच्या हातात देतो, माझ्या वतीने मागणी तूच घाल. माझ्याने होत नाही.

ता. क. ३. (अक्षर वेगळं आहे, घाबरू नका.) हिलेवी मावशी, मी सिगब्रिट. सोमवारी सकाळी डबा परत द्यायला आले तर पत्र टेबलावर उघडंच होतं, आणि वाचनालयातल्या बाईसमोर कागद उघडा ठेवू नये. कृपा करून फोन करू नका. लुलेओला मी मे महिन्यातच घर बघून ठेवलंय, दोघांसाठी. हे त्याला सांगायचं नाही, त्याने विचारायचंय. मी इथे समोर बसून आहे आणि शुक्रवारपर्यंत उठणार नाही. आत्ता तो आतून बाहेर आला, तोंड उघडलं, आणि चौथ्यांदा कॉफी ठेवायला गेला.