तार नसलेलं कार्ड

३ नोव्हें. २००८, सोमवार. वसमत.
नंदाचं ऑफिस सकाळपासून लागत नाही. पोरगी आठपासून कॉम्प्युटरपुढे बसलीय. घरून ऑफिसात सोडणारा तो व्हीपीएन नावाचा दरवान नाव विचारतो, पासवर्ड विचारतो, दोन्ही बरोबर आहेत म्हणतो, आणि उंबऱ्यापर्यंत नेऊन हाकलून देतो. इंटरनेट मात्र चालू! साऱ्या जगाला वाट मोकळी, फक्त हिच्या पुण्याच्या ऑफिसला बंद.
सौ.च्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून तिथल्या मॅडमनी दोन महिने घरून काम करायला कसंबसं कबूल केलंय. काम थांबलं की नंदाला परत जावं लागणार. मग हिला उठवणार कोण? माझ्या एकट्यानं होत नाही. परवा उठवायला गेलो तर दोघंही पडता पडता वाचलो.
दुपारी लोडशेडिंग. तेवढंच बाकी होतं.

४ नोव्हें., मंगळ.
रफिकच्या दुकानी जाऊन आलो. कॉम्प्युटरचं जुनं नेटवर्क कार्ड जळालं होतं, शनिवारी त्यानंच नवं बसवलं. चौथीला माझ्या वर्गात होता. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तरी विचारलंच.
"काय काढून ठेवलंस रे माझ्या कॉम्प्युटरमधनं?" आवाज वर्गातला निघाला.
"गुर्जी, म्या फकस्त कार्ड बदललं. नेट येऊन राहिलंय का न्हाई?"
"येतंय."
"मग कार्ड बराबर हाय. त्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरला म्या हात बी लावला न्हाई."
मी म्हणालो, लहानपणापासून तुझं हेच, करायचं आणि नामानिराळं राहायचं. गिऱ्हाइकं हसली. तो खाली मान घालून स्क्रू आवळत बसला.
घरी येईपर्यंत छान वाटत होतं.

५ नोव्हें., बुध.
पुण्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला दीड तास फोनवर. सगळं हिंदीतनं. "मॅम, प्रोटोकॉल बदलके देखिए." बदलला. नाही. परत बदलला. नाही.
प्रोटोकॉल म्हणजे काय, नंदाला विचारलं. "बाबा, यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड. पेटीत टाकलं की आपलं काम संपलं, पोचलं का कोणी विचारत नाही. पण झटपट. टीसीपी म्हणजे रजिस्टर. पोच मिळाली नाही तर पाकीट पुन्हा पाठवायचं. आपली लाइन खराब असली की रजिस्टर बरं." उपमा झकास दिली. माझी मुलगी शोभते. पण दोन्ही टपालं परत आली त्याचं काय? फोनवरच्या त्या माणसावर इतका संताप आला की तांब्या आपटला. नंदानं फोनवर हात ठेवून नुसतं बघितलं.
संध्याकाळी सौ.चा व्यायाम. पाय उचलताना कळवळते म्हणून मी कविता चालीवर म्हणतो, एका ओळीला एकदा पाय वर. पाचवीच्या पुस्तकातली नदीची म्हटली. साठ लेकरं एका सुरात ती म्हणायची तेव्हा शाळेचे पत्रे वाजायचे, आणि शेवटच्या बाकावरचा न शिकणारासुद्धा तोंड उघडून बसायचा. काय दिवस. काय सूर. आज तिसऱ्या कडव्याला पुण्याचा फोन आला आणि नंदा पळाली. सौ. म्हणाली, "अहो, थांबलात काहून? म्हणा की." शब्दच आठवेनात. रागानं.

६ नोव्हें., गुरु.
हे कुणाला दाखवायचं नाही.
अकराला त्या कॉम्प्युटरवाल्यानं नंदाला एक खिडकी उघडायला लावली. त्यात कार्डांची यादी. एक उजळ, एक करडं. "मॅम, दुसरावाला डिसेबल है. किसने किया?" नंदानं ते परत चालू केलं. पंधरा सेकंदांत ऑफिस लागलं.
मी दारात उभा. ते करडं कार्ड मी ओळखलं.
रविवारी दुपारी नंदा हिला आंघोळ घालत होती. मी टपालपेटी, म्हणजे ई-मेल, बघायला बसलो तर भलतंच काही दाबलं गेलं आणि ही यादी समोर आली. दोन कार्डं. एकावर लाल फुली, खाली इंग्रजीत लिहिलेलं की तार लावलेली नाही. वाटलं, जळालेलं जुनं कार्ड ते हेच. छत्तीस वर्षं मी ज्यावर लाल फुली मारली ते चूकच होतं. उजवं बटण दाबलं, बंद केलं. फुली गेली. पान स्वच्छ दिसायला लागलं. समाधानानं चहा घेतला, विसरून गेलो.
नंदा हिला सांगत होती ते ऐकलं: "आई, ते कार्ड खरं नसतंच. सॉफ्टवेअर स्वतःच एक खोटं कार्ड तयार करतं. कॉम्प्युटर ऑफिसचं टपाल त्यात टाकतो, सॉफ्टवेअर ते उचलतं, कुलूपबंद करतं, आणि खऱ्या कार्डातून पाठवतं. त्याला तार कुठली? कनेक्शन नसलं की फुली दिसणारच."
सौ. म्हणाली, "मग बंद केलं कुणी त्या बिचाऱ्याला?"
"रफिकनं. दुसरं कोण."
मी खोकलो. पेपर तोंडापुढे धरला.

७ नोव्हें., शुक्र.
मॅडमचा मेल. तीन दिवस काम का बंद होतं, मशीनला कुणी हात लावला, लेखी कळवा. नंदानं सही करून दिलंय म्हणे, की तिच्याशिवाय घरातलं कुणी त्या मशीनला हात लावणार नाही. दुरुस्तीवाला चालतो, त्याची परवानगी तिनं आधी काढली होती. म्हणजे रफिकनं केलं असेल तर दुकान बदलून भागतं. घरातल्यानं केलं असेल तर घरून कामाची परवानगीच रद्द.
असला कसला नियम! बापाला स्वतःच्या घरात खुर्चीवर बसायची बंदी! कंपनीला शिव्या घालत अंगणात फिरलो. मग लक्षात आलं, शिव्या कुणाला घालतोय.
नंदानं रफिकचं नाव लिहिलं. संध्याकाळी मला वाचून दाखवलं. मराठीत सांगितलं तरी ते वाक्य मवाळ झालं नव्हतं, सरळ आरोप होता. "उद्या पाठवते," म्हणाली. मी जेवलो. जेवू शकलो!

८ नोव्हें., शनि.
सकाळी सांगितलं. एकाच वाक्यात.
"बाबा, परवाच तुम्ही दारात उभे होतात."
"हो."
"काल मी वाचून दाखवलं."
"हो."
"आणि रफिककडे जाऊन तमाशा करून आलात?"
सौ. आतून ओरडली, "अगं, ते म्हातारे हैत, जाऊ दे!" त्यावर मीच खेकसलो, म्हातारा आहे म्हणून काय झालं? मूर्खपणाला वय लागत नाही.
नंदानं ते वाक्य खोडलं. माझं नाव घातलं. 'वडिलांनी, न कळत.' मी म्हणालो, न कळत काढ, कळून बंद केलं होतं. तिनं काढलं नाही. पाठवलं.

१० नोव्हें., सोम.
रफिककडे. आजही गिऱ्हाइकं होती, बरंच झालं, तेव्हाही होती. सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती. तोंड भाजल्यासारखं झालं. त्यानं स्टूल पुढं केलं, चहा मागवला.
"गुर्जी, तुमी चौथीत मला अंगठे धरून उभं केलतं. हजेरीवर शाई सांडली म्हणून. ती बी म्या सांडली नव्हती."
मला काहीच आठवत नाही. "मग कुणी सांडली?"
"आता काहून पायजे नाव? त्याला बोलावून उभं करता?"
दुकान हसलं. मला हसता आलं नाही. चहा तसाच राहिला.
पुण्याहून उत्तर नाही. ऑफिस लागलेलं आहे, नंदा काम करतेय, आणि मॅडम गप्प. रोज तीनदा विचारतो, तीही चिडायला लागलीय.
पाचला व्यायामाची वेळ झाली. मी हाक मारली. स्क्रीनवरची नजर न काढता नंदा म्हणाली, "आज तुम्ही उचला आईला. सवय असू द्या."
उचललं. पलंगाच्या कडेला बसवलं. तिनं खांदा घट्ट धरला. मग पाय. सहा वेळा झालं आणि मी दम लागून थांबलो.
सौ. म्हणाली, "दहा सांगितलेत डॉक्टरनं."