वस्तरा उचलल्यावर

४ मार्च

चि. फटाक्यास अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि शिवत होते तो पडदा उलटाच शिवला गेला. काकांनी भर दुकानात पैज लावली आणि तू ती घेतलीस? तुझ्या तोंडून एक शिवी निघाली किंवा हात उगारला गेला, की गळ्यातला क्रूस काढून काकांच्या हातात द्यायचा आणि चर्चला जाणं कायमचं बंद! अरे, कंगवा सापडला नाही म्हणून आरसा फोडणारा तू. बाप्तिस्मा घेतला की डोकं थंड होतं का?

चेष्टा नाही रे. मला तुझ्या श्रद्धेतलं ओ की ठो कळत नाही, पण जाणून घ्यायचंय. काका रोज तुझ्याच खुर्चीत दाढीला बसतात, तुझ्या देवाला नावं ठेवतात, आणि तुझ्या हातात उघडा वस्तरा! तेव्हा मनात नेमकं काय येतं? गोड गोड उत्तर नको.

वेळेवर जेवत जा.

काळजीनं अर्धी झालेली,
ताई

११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खरं सांगू? मनात येतं, जरासं कापावं. हनुवटीखाली एक ओरखडा, बस. परवा काका म्हणाले की, आपल्याला वाढवणारी काकू आज असती तर तिनं मला दारात उभं केलं नसतं. ताई, कानशिलं तापली माझी. शेजारचे दोघे कारागीर कात्र्या थांबवून बघत होते.

अशा वेळी मी वस्तरा उचलतो, खांद्यावरच्या फडक्याला पुसतो आणि पुटपुटतो की, प्रभू, माझा हात सांभाळ, जीभ सांभाळ, काकांनाही सांभाळ. शेवटचं तर दात खाऊनच म्हणतो. काकांना वाटतं, फेस पुसतोय. राग जात नाही ग, दाढी होईपर्यंत थांबतो एवढंच. मग मागे जाऊन मी बादलीला लाथ घालतो. हे पैजेत धरायचं का, तूच ठरव.

तुझ्या मायेवर टिकून असलेला,
फटाका

१६ मार्च

चि. फटाक्यास अ. आ.

बादली माफ. पण एक कोडं सुटेना. दुकानात खुर्च्या तीन. तुझा राग काकांनी लहानपणापासून पाहिलाय. ज्याला डिवचायचं, त्याच्याच वस्तऱ्याखाली मान कोण देतं रे? मला तर विचारानंच घाम फुटला. विचार त्यांना. नाहीतर मी येऊन विचारीन, आणि मग दोघांचीही खैर नाही.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

२४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

विचारायची वेळच आली नाही. काल काका गप्प बसले. टोमणा नाही, टिंगल नाही. मीही निवांत हात चालवला. दाढी संपत आली, तसं त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. मला वाटलं, कापलं! तर डोळे न उघडताच विचारतात की, आज मध्ये थांबला का नाहीस. मी म्हटलं, फेस फार नव्हता. म्हणाले की, फेसाच्या गोष्टी मला सांगू नकोस, कान शाबूत आहेत माझे. रोज वस्तरा उचलून माझ्यासाठी देवाकडे मागतोस, ते आज राहिलं. काकू गेल्यापासून माझ्यासाठी दुसरं कोण मागतं?

पैज मिटली का, असं मी कसंबसं विचारलं. मुळीच नाही, म्हणाले, आणि मान वर करून बसून राहिले.

ताई, मी वस्तरा उचलला, पुसला, आणि शेवटचं वाक्य सगळ्यात आधी म्हटलं.

आहे तशीच माया राहू दे.

तुझा,
फटाका