लोणच्याच्या बरण्यांमागची बाटली

नाना,

काल स्वयंपाकघर रंगवायला काढलं. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही, असोद्याचं घर सोडून आम्ही जळगावात आलो ते तुम्ही गेल्यानंतर. तुमचा नातू ओट्याखालचं कपाट रिकामं करत होता. लोणच्याच्या बरण्या एकेक करून बाहेर आल्या आणि सगळ्यात मागून त्याच्या हाती खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली लागली. त्याने झाकणाला हात घातला तशी मी ओरडलेच, ठेव ती खाली. पोरगं दचकलं. हे काय आहे म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, नानांची आहे. मग काय, बसून सगळं सांगावं लागलं, आणि सूनबाई हसून हसून डोळे पुसायला लागली. तुमच्यासारख्या माणसाची बाटली, आणि ती सांभाळायला मी! पण मुलगा तुमच्यावर गेलाय, त्याने लगेच मोबाईल काढून खात्री करून घेतली. उघडलेली बाटली वर्ष-दोन वर्षं चांगली राहते, तळाशी थोडीच उरली असेल तर त्याआधीच तिची चव उतरते, असं मला वाचून दाखवलं. म्हणाला, आई, ओत ही बेसिनमध्ये. जसं काही मला हे माहीतच नव्हतं. तो जन्मायच्या आधी मी हेच तुम्हाला सांगितलं होतं की. शेवटी म्हटलं, उद्या मीच ओतते. आज ते दोघं कामावर गेलेत, रंगारी जेवायला गेलाय आणि बाटली माझ्यासमोर आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा विचारलंत तो दिवस आठवतो. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरत मी चुलीपाशी बसले आहे, अक्का सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्यात, आणि तुम्ही दाराशी येऊन उभे राहता. आत येत नाही. सासऱ्याने सुनेच्या चुलीपाशी यायचं नाही ही तुमची रीत. घसा खाकरता, अंगणात कोण आहे ते बघता, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणता, "माय, तू शिकेल हाये. उघडेल बाटली कितीक दिवस टिकते?"

मला आधी वाटलं फवारणीच्या औषधाचं विचारताय. मी म्हटलं, कसली बाटली? तर तुम्ही भिंतीलाच सांगितलंत, रमची. मला हसू आवरेना. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या अक्का, कांदासुद्धा न घालता होणारी द्वादशीची पंगत, आणि त्या घरात हा प्रश्न. मग हळूहळू सगळं कळलं. धुळ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तरुणपणी तुम्ही ज्यांच्याबरोबर एका खोलीत राहिलात, ते तुमचे दोस्त दर हिवाळ्यात आपल्या मळ्यात भरीत खायला यायचे. त्यांचा मुलगा फौजेत होता, त्याच्या कॅन्टीनची बाटली ते पिशवीत घालून आणायचे. वर्षातून तेवढ्या एका दिवशी दोघं दोन-दोन घोट घ्यायचे. उरलेली बाटली पुढच्या हिवाळ्यापर्यंत सांभाळायची तुम्ही, आणि नाना, रागावू नका, पण तुम्हाला ते मुळीच जमत नव्हतं. एकदा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत पत्र्याखाली ठेवलीत. आपल्याकडचा उन्हाळा, तो पत्रा, झाकण धड लावलेलं नाही. हिवाळ्यात बघता तर अर्धी उडून गेलेली आणि उरलेल्याचा काढा झालेला. दुसऱ्या वर्षी शहाणपण केलंत, थंड राहील म्हणून बादलीत घालून विहिरीत सोडलीत. बाटली आडवी झाली, विहिरीचं पाणी आत गेलं, आणि पाहुण्याने घोट घेऊन विचारलं की ही रम आहे की बागेला द्यायचं पाणी.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते, पण रमवर धडा नव्हता. जेवढं कळत होतं तेवढ्यावरून सांगितलं. बाटली उभीच ठेवायची, आडवी नाही. झाकण घट्ट. ऊन नको, चूल जवळ नको. ती नासत नाही, विष होत नाही, पण आत जितकी हवा जास्त तितकी चव लवकर जाते, म्हणून कमी झाली की लहान बाटलीत भरायची. तुम्ही मान डोलावत ऐकलंत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली माझ्या पिठाच्या डब्यामागे होती. तुमच्या घरात तोपर्यंत मला कामं सांगितली जायची, विचारलं कुणी काही नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी दोन भाकरी करपल्या.

मी ती माजघरातल्या भिंतीतल्या कपाटात ठेवली, सगळ्यात खाली, लोणच्याच्या बरण्यांमागे. तिथे बाराही महिने गारवा आणि अंधार. शिवाय अक्कांचे गुडघे दुखायचे, त्या तिथपर्यंत वाकायच्या नाहीत. त्यांना माहीत नव्हतं असं तुम्ही समजत होतात. अहो, लोणचं हवं असलं की त्या मलाच पाठवायच्या आणि वर म्हणायच्या, मागचं काही पाडू नको बरं. एका वर्षी तुमच्या दोस्तांनी रमऐवजी द्राक्षाची वाईन आणली होती. मला वाटलं, रमसारखीच ही पण टिकेल. कुठलं काय, ती उघडली की थंडीत ठेवून चार दिवसांत संपवायची असते हे मला कुठे ठाऊक. महिन्याभरात आंबून तिचा वास माजघरभर सुटला. अक्का आल्या, बाटली उचलली, हुंगली, आणि काही न विचारता त्याच वाईनने तांब्याचे हंडे घासले. लख्ख निघाले. म्हणाल्या, चला, चिंच वाचली. तुम्ही ओसरीवर वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता.

आणि तो भरिताचा दिवस. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर आपल्या मळ्यातली हिरवी वांगी भाजताय तुम्ही दोघं, सालं काढताना हात पोळून घेताय आणि एकमेकांना शिव्या देताय. लाकडी बडगीत वांगी ठेचायचा आवाज केळीच्या बागेपर्यंत जायचा. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन यायचे, आणि भाकरीच्या टोपलीत, फडक्याखाली, ती बाटली. तुम्ही दोघं बांधाच्या पलीकडे जायचा. तिथून हसण्याचा आवाज यायचा. घरात तुम्ही कधी तसे हसला नाहीत, नाना. मला त्या बाटलीचा कधी राग आला नाही तो त्या हसण्यामुळे.

मग तुम्ही अंथरुणाला लागलात. तो हिवाळा फार कडक होता, आणि धुळ्याला तुमच्या दोस्तांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना येणं शक्य नव्हतं. तुम्ही कुडकुडत होता. मला राहवेना. अक्का देवासमोर बसल्या होत्या तेव्हा वाटीत दोन चमचे घेऊन मी तुमच्यापाशी आले आणि म्हटलं, नाना, थोडी घ्या, ऊब येईल. तुम्ही एवढे आजारी, पण माझ्याकडे असं पाहिलंत की मी वाटी मागे घेतली.

"एकट्यानं घेतली तं मग ते व्यसन झालं, माय. ठेव तिले."

मला तुम्ही रागावलात ते तेवढं एकदाच. वाटीतली मी परत बाटलीत ओतली. त्यानंतर ती बांधावर गेलीच नाही. तुम्ही गेल्यावर तुमचे दोस्त आले, काठी टेकत, मुलाच्या आधाराने. घरात माणसं मावत नव्हती. मी त्यांना चहा देताना हळूच म्हटलं, काका, त्यांची आहे थोडी, घेऊन जा. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "र्‍हाऊ दे माय. एकलानी उघाडानी नही, आमनं ठरेल शे." पुढच्या वर्षी तेही गेले. आणि दोघांची बाटली माझ्याकडे राहिली. टाकायला सांगणारं कुणी नव्हतं, आणि ठेव म्हणणारे दोघंही गेलेले.

तेव्हापासून ती मी सांभाळते आहे. मोठ्या बाटलीतून लहानीत, लहानीतून ह्या खोकल्याच्या बाटलीत. असोद्याच्या घरातून सामान हललं तेव्हा ट्रकमध्ये टाकली नाही, मांडीवर धरून आणली. इथे फ्लॅटमध्ये माजघराचा गारवा कुठला, पण ओट्याखाली ऊन येत नाही. दर उन्हाळ्यात झाकण घट्ट करून बघते. लोक देवाचं करतात तसं मी हे करत आलेय, आणि मुलगा म्हणतो, आई, त्यात आता काही उरलं नाही. खरंच उरलं नसेल तर? तुम्ही विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू माझ्याकडून बिघडली असेल तर? रात्रीपासून तेवढंच डोक्यात आहे.

म्हणून मघाशी झाकण काढलं. वास आहे, नाना. गुळाच्या पाकासारखा, थोडासा. दोन वाट्या घेतल्या, निम्मी-निम्मी केली. एका वाटीतला एक घोट मी घेतला. आयुष्यात पहिला. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग जिभेवर काहीतरी गोडसर राहिलं. पण ती आधी कशी लागायची ते मला कुठे माहीत? बिघडली की टिकली, मी कशी सांगू? ते तुम्ही दोघांनीच सांगायचं होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, रंगारी यायच्या आत फाडून टाकेन. पण एक सांगून टाकते. आधी बाटली उघडायचं ठरवलं, आणि मगच कागद घेतला. एकट्याने उघडायची नाही असं ठरलेलं होतं ना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुमची वाटी समोर ठेवली आहे.